जुनें भिंग आणि नवा कॅमेरा

कॅमेरा या एका नांवाखालीं वास्तविक दोन निरनिराळ्या वस्तू एकत्र नांदत असतात. एक म्हणजे बाहेरचा प्रकाश आंत घेऊन त्याचें चित्र रचणारें भिंग, आणि दुसरी म्हणजे तें चित्र टिपून ठेवणारी पेटी. या दोहोंचें आयुष्य सारखें नसतें. पेटी लौकर म्हातारी होते. पूर्वींच्या पेटींतील स्प्रिंगा सैलावत, पडद्याच्या कापडाला बारीक भोंकें पडत. हल्लींच्या पेटींतील विद्युत्-यंत्रणा दहा-बारा वर्षांत मागें पडते. भिंग मात्र कांचेचें आणि धातूचें असतें. त्याच्या कांचेचा बांक ५० वर्षांपूर्वीं जेवढा होता तेवढाच आजहि असतो, आणि प्रकाशाच्या वक्रीभवनाचे नियमहि मधल्या काळांत बदललेले नाहींत. असें असूनहि शहरांतील पुष्कळ सुशिक्षित घरांतून आजोबांचा किंवा वडिलांचा जुना कॅमेरा निकामी ठरला, कीं त्याच्या तोंडावरील उत्तम भिंगहि त्याच्याबरोबर माळ्यावर जातें, अथवा भंगारवाल्याच्या तराजूंत पडतें. हें नुकसान टाळतां येण्यासारखें आहे. तें कसें, एवढेंच सांगण्याचा या भाषणाचा हेतु आहे.

भिंगाची आणि पेटीची फारकत कां झाली, हें समजण्यासाठीं प्रथम एका अंतराची ओळख करून घेतली पाहिजे. भिंग कॅमेऱ्याला जेथें बसतें, त्या धातूच्या बैठकीपासून आंतील फिल्मपर्यंतचें अंतर प्रत्येक कारखान्यानें ठरवून घेतलेलें असतें. भिंगावरील अंतराचें कडें फिरवून आडव्या आठासारख्या दिसणाऱ्या अनंताच्या खुणेवर आणलें, कीं दूरच्या डोंगराचें किंवा चंद्राचें चित्र नेमकें फिल्मवर रेखीव उमटावें, अशी ही योजना असते. १९४९ सालीं जर्मनींतील ड्रेस्डेन येथें काँटॅक्स एस् हा कॅमेरा निघाला. त्याच्या भिंगाला ४२ मिलिमीटर व्यासाचे आटे होते आणि बैठकीपासून फिल्मचें अंतर ४५.४६ मिलिमीटर होतें. जपानच्या असाही कंपनीचा पेंटॅक्स १९५७ सालीं निघाला, तोहि याच आट्यांचा. आणि पुढें अनेक देशांतील कारखान्यांतून ४२ मिलिमीटर आट्यांचीं भिंगें विपुल निघालीं. १९५९ च्या निकॉन एफ् मध्यें हें अंतर ४६.५ मिलिमीटर ठेवण्यांत आलें. ऑलिंपसच्या ओएम् मालिकेंत तें ४६, मिनोल्टाच्या जुन्या कॅमेऱ्यांत ४३.५, आणि कॅननच्या एफ्‌डी भिंगांसाठीं ४२ मिलिमीटर होतें.

या आंकड्यांत फरक आहे, पण त्यांपैकीं एकहि ४० च्या खालीं नाहीं. याचें कारण आरसा. या सर्व कॅमेऱ्यांत भिंग आणि फिल्म यांच्यामध्यें एक तिरपा आरसा असे. चित्र टिपण्याच्या क्षणीं तो वर उचलला जाई. त्याच्या हालचालीला मोकळी जागा ठेवणें प्रत्येकाला भाग होतें. त्यामुळें एका कारखान्याचें भिंग दुसऱ्याच्या पेटीवर बसवावयाचें म्हटलें, तर मध्यें कडें घालण्यापुरती जागाहि बहुधा उरत नसे. पुढें स्वयंचलित फोकसचें युग आलें. १९८५ सालीं मिनोल्टानें आणि १९८७ सालीं कॅननने आपली जुनी बैठक सोडून नवी पत्करली, आणि ज्यांनीं पै-पैसा सांठवून त्या कंपन्यांचीं भिंगें जमविलीं होतीं, त्यांचा तो सारा संग्रह नव्या पेटीला परका झाला. भिंगें पूर्वींइतकींच चांगलीं होतीं, पण त्यांना घर उरलें नव्हतें.

हा पेंच सुटला तो आरसा काढून टाकल्यामुळें. २००८ सालीं पॅनासॉनिकनें ल्युमिक्स जी १ हा बिनआरशाचा कॅमेरा काढला. अशा कॅमेऱ्यांत फिल्मच्या जागीं सेन्सर नांवाची प्रकाशग्राही पाटी असते, आणि तिच्यावर पडणारें चित्र लहानशा विद्युत्-पडद्यावर सरळ पाहावयास मिळतें. आरसा गेला, तशी त्याच्यासाठीं राखलेली जागाहि गेली. सोनीनें २०१० सालीं आणलेल्या ई बैठकींत तें अंतर अवघें १८ मिलिमीटर झालें. २०१८ सालीं निकॉनच्या झेड् बैठकींत तें १६, तर कॅननच्या आर्‌एफ् बैठकींत २० मिलिमीटर ठेवलें गेलें. आतां हिशेब अगदीं सोपा झाला. ४५.४६ मधून १८ वजा केले, कीं २७.४६ उरतात. तेवढ्याच लांबीची, एका तोंडाला आटे आणि दुसऱ्या तोंडाला नव्या कॅमेऱ्याची बैठक असलेली पोकळ नळी मध्यें घातली, कीं १९६० च्या सुमाराचें भिंग आजच्या कॅमेऱ्यावर आपल्या मूळच्या अंतरावर उभें राहतें. या नळीला इंग्रजींत ॲडॅप्टर म्हणतात. मराठींत तिला जोडकडें म्हणावयास हरकत नसावी. साध्या जोडकड्यांत कांच नसते, वीज नसते आणि चित्र घडविणारा कोणताहि भाग नसतो. म्हणूनच तें भिंगाच्या मानानें स्वस्त मिळतें, आणि चित्राच्या गुणांत त्यानें भर पडत नाहीं तशी घटहि होत नाहीं. अट एवढीच, कीं तें बिनचूक घडविलेलें असलें पाहिजे.

ही अट किती कडक आहे, तें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. ५० मिलिमीटरचें भिंग सेन्सरपासून केवळ १ मिलिमीटर अधिक दूर राहिलें, तर सुमारें अडीच मीटरच्या पलीकडील कोणत्याहि वस्तूवर फोकस बसत नाहीं. दिवाणखान्यांत बसलेल्या माणसांचें चित्र येईल. खिडकींतून दिसणारें समोरचें घर पुसटच राहील. ४२ मिलिमीटर आट्यांचें भिंग निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यावर समाधानकारक चालत नाहीं तें याच कारणानें. तेथें अंतर आधींच १.०४ मिलिमीटरनें जास्त आहे. त्यासाठीं मध्यें कांच घातलेलीं जोडकडीं मिळतात, परंतु त्या एका हलक्या कांचेमुळें चांगल्या भिंगाची सारी कीर्ति मातींत जाण्याचा संभव असतो. याच्या उलट, जोडकडें किंचित् आंखूड असलें, तर कडें अनंताच्या खुणेवर पोंचण्यापूर्वींच दूरची वस्तु रेखीव होते. हा दोष कमी उपद्रवी, म्हणून पुष्कळ कारखाने आपलीं कडीं मुद्दामच केसभर आंखूड ठेवतात; मात्र मग भिंगावर कोरलेल्या मीटरच्या आंकड्यांवर विसंबतां येत नाहीं. जोडकडें घेतांना तें भिंगासह बसवून पाहावें. तें डुगडुगूं नये, आणि दूरची इमारत स्वच्छ दिसली पाहिजे, एवढी परीक्षा दुकानांतच उरकून घ्यावी.

जोडकडें बसविल्यावर पुष्कळांपुढें पहिली अडचण उभी राहते ती अशी, कीं कॅमेरा चित्र घेण्याचेंच नाकारतो. विजेचा सांधा न जुळल्यामुळें आपल्या तोंडावर भिंगच नाहीं, अशी त्या पेटीची समजूत होते. भिंगाशिवाय चित्र घेण्यास मुभा देणारी सूचना कॅमेऱ्याच्या यादींत असते. ती एकदां चालू केली, कीं हा हट्ट संपतो. दुसरी सूचना भिंगाच्या केंद्रांतराची, म्हणजे त्याच्या तोंडावर कोरलेल्या ५०, ५८ किंवा १३५ या आंकड्याची. ज्या पेटींत हाताचा कंप सांवरून घेण्याची योजना असते, तिला हा आंकडा हातानें सांगावा लागतो. आंकडा चुकीचा दिल्यास कंप नीट सांवरला जात नाहीं, आणि निर्दोष भिंगावर अस्पष्टपणाचा आळ येतो.

तिसरी गोष्ट प्रकाशछिद्राची. तें आतां पेटीच्या ताब्यांत नसतें. भिंगावरील छिद्राचें कडें फिरवूनच तें लहानमोठें करावयाचें असतें. म्हणून कॅमेऱ्याची चकती छिद्र माणसानें आणि वेळ कॅमेऱ्यानें ठरविण्याच्या पद्धतीवर ठेवावी. ४२ मिलिमीटर आट्यांच्या पुष्कळ भिंगांना पाठीमागें एक बारीक दांडी असते. ती दाबली गेल्याशिवाय छिद्र लहान होत नाहीं. अशा भिंगावर ऑटो आणि मॅन्युअल असा खटका असेल तर तो मॅन्युअलकडे सरकवावा. नसेल तर दांडी दाबून धरणारें जोडकडें मागून घ्यावें. ज्या भिंगाला छिद्राचें कडेंच नाहीं, ज्याचें सर्व काम विजेनें चालतें, तें साध्या जोडकड्यावर उपयोगी पडत नाहीं. भिंग विकत घेण्यापूर्वीं ही एक गोष्ट पाहिली, तरी बराच पश्चात्ताप वांचतो.

यापुढील काम डोळ्याचें आणि बोटांचें. ५० मिलिमीटरच्या भिंगाचें छिद्र १.४ या आंकड्यावर पूर्ण उघडें ठेवून एक मीटरवरील माणसाचें चित्र घेतलें, तर पूर्ण आकाराच्या सेन्सरवर स्पष्टतेची खोली जेमतेम ३ सेंटिमीटर भरते. डोळे रेखीव आले, तर कान पुसट होतात; आणि माणसानें श्वास घेतांना मान थोडी पुढें आणली, तर डोळेहि हातचे जातात. त्याच ठिकाणीं छिद्र ८ वर आणलें, तर ही खोली सुमारें १९ सेंटिमीटर होते. जुन्या कॅमेऱ्यांत हें जुळविण्यासाठीं घांसलेल्या कांचेवर डोळा ताणावा लागे. नव्या पेट्यांनीं दोन चांगल्या सोयी दिल्या आहेत. एक म्हणजे चित्राचा हवा तो भाग पांचपट-दहापट मोठा करून पाहतां येतो. दुसरी म्हणजे ज्या कडा रेखीव झाल्या आहेत, त्यांच्यावर लाल किंवा पिवळी रेघ चमकूं लागते. दुसरी सोय जलद, पण थोडी उदार असते. पुरेसें रेखीव नसलेलेंहि ती कधीं कधीं रेखीव म्हणून दाखविते. छिद्र पूर्ण उघडें असतां तर तिच्यावर भिस्त न ठेवतां पहिल्या सोयीनें खात्री करून घेणें बरें.

सेन्सरच्या आकाराचाहि विचार येथें करावा लागतो. जुन्या फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर असे. २०१३ सालीं सोनीच्या ए ७ या कॅमेऱ्यानें तेवढाच सेन्सर बिनआरशाच्या पेटींत आणला, आणि जुन्या भिंगांना आपलें सगळें क्षेत्र परत मिळालें. पण पुष्कळ घरगुती कॅमेऱ्यांतील सेन्सर याहून लहान असतो. त्यावर ५० मिलिमीटरचें भिंग पूर्वींच्या ७५ मिलिमीटरच्या भिंगाएवढाच देखावा दाखवितें. पॅनासॉनिक आणि ऑलिंपस यांच्या आणखी लहान सेन्सरवर तें १०० मिलिमीटरप्रमाणें वागतें. व्यक्तिचित्राला हें सोयीचेंच पडतें. ज्याला अरुंद खोलींत सारें कुटुंब एका चौकटींत बसवावयाचें आहे, त्याची मात्र निराशा होते. रुंद दृश्याच्या कांहीं जुन्या भिंगांची आणखी एक अडचण आहे. बिनआरशाच्या जुन्या लायकासारख्या कॅमेऱ्यांसाठीं केलेल्या भिंगांची मागील कांच फिल्मच्या अगदीं जवळ जाई आणि कडेचा प्रकाश फार तिरपा पडे. फिल्मला त्याचें कांहीं वाटत नसे. परंतु सेन्सरवर कोपरे विस्कटतात आणि कडांना भलताच रंग चढतो.

जुन्या भिंगांविषयीं दोन टोंकांचीं मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतात, जुन्या कांचेंत कांहीं जादू होती ती पुढें हरपली. कोणी म्हणतात, जुनें तें टाकाऊच. दोन्हीं मतांना भिंगांचा इतिहास दुजोरा देत नाहीं. पाउल रुडोल्फ यानें झाइस कंपनींत १९०२ सालीं योजिलेलें टेसार हें भिंग केवळ चार कांचांचें. त्या धर्तीचीं भिंगें पुढें अनेक दशकें निघत राहिलीं, आणि छिद्र ८ वर आणलें असतां त्यांचें काम आजहि डोळ्यांना समाधान देतें. परंतु विलेपाच्या बाबतींत जुनीं भिंगें खरोखरच उणीं आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डेनिस टेलर या इंग्रज तज्ज्ञाच्या लक्षांत आलें होतें, कीं काळवंडलेलें जुनें भिंग कोऱ्या भिंगापेक्षां अधिक प्रकाश आंत सोडतें. कांचेवरील पातळ थर परावर्तन कमी करतो, हा त्याचा अर्थ. १९३५ सालीं झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला यानें असा थर कांचेवर मुद्दाम चढविण्याच्या कृतीचें पेटंट मिळविलें. पूर्वीं हा थर एकेरी असे. पुढें तो अनेकपदरी झाला. म्हणून एकेरी विलेपाच्या भिंगांत समोरून ऊन आलें, तर चित्रावर धुकें पसरतें आणि काळा रंग राखी होतो. यावर उपाय जुनाच आहे. भिंगाला छत्रीसारखी टोपी लावावी, आणि ती नसेल तर डाव्या हाताच्या तळव्यानें सांवली धरावी.

कांहीं वेळां दोष हाच गुण ठरतो. १९३० नंतरच्या दशकांत झाइसनें ५८ मिलिमीटरचें बायोटार नांवाचें भिंग काढलें. त्याच्याच आराखड्यावर रशियांत मॉस्कोजवळ क्रास्नोगोर्स्क येथें हेलिऑस ४४ हें भिंग बनूं लागलें, आणि तें फार मोठ्या संख्येनें निघालें. छिद्र पूर्ण उघडें ठेवून झाडाच्या पानांपुढें उभ्या असलेल्या माणसाचें चित्र या भिंगानें घेतलें, तर मागील उन्हाचे कवडसे भोंवऱ्यासारखे गोल फिरत असल्याचा भास होतो. चित्राच्या कडेकडे प्रकाशाचे ठिपके दबून लंबगोल होतात, हें त्याचें कारण. हिशेबी दृष्टीनें हा दोष आहे. तरीहि आज पुष्कळ तरुण हें भिंग शोधीत फिरतात तें त्याच भोंवऱ्यासाठीं. त्यांचा हा छंद समजण्यासारखा आहे. मात्र प्रत्येक चित्रांत भोंवरा दिसूं लागला, तर चेहऱ्याकडे पाहावयाचें राहून जातें, याचेंहि भान असावें.

प्रत्येक कामाला जुनें भिंग योग्य नाहीं, हेंहि तितकेंच खरें. अंगणांत धांवणारें मूल, क्रिकेटचा सामना, लग्नांतील अंतरपाट दूर होण्याचा क्षण, येथें स्वयंचलित फोकसचें नवें भिंगच हवें. तो क्षण कड्याची वाट पाहत थांबत नाहीं. परंतु खिडकीपाशीं वाचीत बसलेली आजी, देवळाच्या खांबावरील नक्षी, फुलावरील दंव, सायंकाळचा घाट, अशा स्थिर विषयांत हातानें फिरविलेलें कडें कोठेंहि कमी पडत नाहीं. शिवाय नव्यानें शिकणाऱ्याला त्याचा एक निश्चित लाभ होतो. छिद्र, अंतर आणि वेळ या तीन गोष्टींचा परस्परसंबंध पुस्तकांत वाचून जेवढा कळतो, त्याहून दोन कडीं स्वतः फिरवून लौकर कळतो.

जुनें भिंग पारखण्याची रीत सोपी आहे. मुंबईंत फोर्टमधील बोरा बाजाराच्या गल्लींत कॅमेऱ्यांचीं दुकानें आहेत. तेथें घेणाऱ्यानें आणि घरचें भिंग माळ्यावरून काढणाऱ्यानें सारखीच परीक्षा करावी. छिद्र पूर्ण उघडून एका बाजूनें विजेरीचा झोत टाकावा आणि दुसऱ्या बाजूनें तिरपें पाहावें. धुळीच्या चार कणांची चिंता नको. जुन्या भिंगांत ते असावयाचेच. दुधाळ धूसरपणा किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसले, तर मात्र सावध व्हावें. छिद्राच्या पात्यांवर तेल नसावें, आणि दोन्हीं कडीं अडखळल्याशिवाय फिरलीं पाहिजेत. कांहीं जुन्या भिंगांच्या कांचेंत थोरियम हें किरणोत्सर्गी द्रव्य मिसळलेलें असे. पेंटॅक्सच्या सुपर टाकुमार ५० मिलिमीटर भिंगांपैकीं कांहीं या जातीचीं आहेत. अशी कांच कालांतरानें पिंवळी पडते. नेहमींच्या वापरांत तिची भीति बाळगण्याचें कारण नाहीं, मात्र तें भिंग फोडूं अथवा घांसूं नये. पिंवळेपणा घालविण्यासाठीं तें कांहीं दिवस उन्हांत ठेवण्याचा उपाय गुणकारी आहे. पण भिंग ऊन एकवटतें आणि आग लावूं शकतें, म्हणून पाठीमागील तोंडावर धातूचें झांकण असल्याखेरीज तें उन्हांत ठेवूं नये.

ते जाळ्यासारखे तंतु म्हणजे बुरशी. आणि मुंबई, कोंकण व गोवा येथील घरांत जुन्या भिंगांचा मोठा शत्रु तीच. पावसाळ्याच्या दमट हवेंत, अंधाऱ्या बंद कपाटांत, चामड्याच्या पेटींत ठेवलेल्या भिंगावर ती हळूहळू पसरते. आरंभीं ती पुसून काढतां येते. उशीर झाला, तर विलेप आणि त्याखालील कांचहि ती खाऊन टाकते, आणि तो व्रण मग कोणत्याहि कारागिराला पुसतां येत नाहीं. यासाठीं भिंग चामड्याच्या पेटींतून काढून हवाबंद डब्यांत ठेवावें, डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालाव्या, आणि त्या ओलावल्या कीं पुन्हां सुकवाव्या. डब्यांतील आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली म्हणजे पुरे. ज्या भिंगांत बुरशी दिसली आहे, तें दुरुस्त होईपर्यंत इतरांपासून वेगळें ठेवणें इष्ट. परंतु या सर्व उपायांइतकाच चांगला उपाय म्हणजे भिंग वापरणें. जें भिंग आठवड्यांतून एकदां तरी उजेडांत आणि मोकळ्या हवेंत येतें, त्याला बुरशी सहसा गांठीत नाहीं. वर्षानुवर्षें जपून बाजूला ठेवलेलें भिंगच बहुधा तिच्या तावडींत सांपडतें.

ज्या श्रोत्यांच्या घरीं असें एखादें भिंग असेल, त्यांनीं यंदाचा पावसाळा लागण्यापूर्वीं तें खालीं काढावें. पाठीमागील बैठक आट्यांची आहे कीं खांचांची, आणि भिंगावर कोणतें नांव कोरलें आहे, हें पाहून त्याच जातीचें जोडकडें मागवावें. विजेरीच्या परीक्षेंत तें उतरलें, तर महिनाभर दुसरें भिंग न लावतां तेवढ्यावरच घरांतील माणसांचीं चित्रें घ्यावीं. पहिल्या दिवशीं दहापैकीं सात चित्रें पुसट निघतील. महिन्याच्या शेवटीं हें प्रमाण उलटलेलें दिसेल, आणि कोणत्या छिद्राला कोणता चेहरा खुलतो, हें बोटांनाच कळूं लागेल. आज हातीं असलेली नवी पेटीहि कांहीं वर्षांनीं जुनी होईल. त्या वेळीं भिंग बहुधा तेंच राहील. पेटीबरोबर नवें घ्यावें लागेल तें केवळ जोडकडें.